पुलाची नाडी कशी पाहतात?

यंदा स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा संस्थेच्या कार्यकर्त्यांचा निरोप आला तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे टाळाटाळ केली. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर, त्यातून नोकरी बँकेतील कारकुनीची. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचे आकडे जुळवायचे आणि संध्याकाळी एस.टी.ने निमोण्याला परतायचे, यात लिहिण्यासारखे ते काय असणार? परंतु जूनमधील पहिल्या मोठ्या पावसानंतर एक प्रसंग घडला आणि विषय आपोआप समोर आला.

वस्तीवरून शाळेकडे जाताना ओढा लागतो. त्यावर एक लहान मोरी आहे. तिच्या बाजूच्या भिंतीला तडा गेलेला आमच्या शेजारच्या नववीतील मुलीने पाहिला आणि तिने आम्हाला विचारले, "काका, ही मोरी पडणार का हो?" आम्ही नुसते "नाही गं, जुनी आहे, चिरली असेल" असे म्हणून वेळ मारून नेली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न सुटेना. पोर रोज दोनदा त्या मोरीवरून जाते, तिच्याबरोबर आणखी पंधरा-वीस मुले जातात, आणि आम्ही तिला जे उत्तर दिले त्याला कशाचाही आधार नव्हता. तेव्हापासून पुलांची तपासणी कशी होते याविषयी जे जे वाचावयास मिळाले ते वाचले, परिचित ओव्हरसियरसाहेबांना गाठून शंका विचारल्या. त्यातून जे समजले ते आमच्या भाषेत येथे मांडत आहोत.

आपला भाग दुष्काळी म्हणून ओळखला गेला तरी पुलांशिवाय आपले पान हलत नाही. शिरूरला जुनी माणसे अजूनही घोडनदीच म्हणतात. पुणे-नगर रस्ता तेथे नदी ओलांडतो. न्हावऱ्यावरून चौफुल्याला जावयाचे तर पारगावजवळ भीमा ओलांडावी लागते. चिंचणीच्या धरणातून पाणी सुटले की खालच्या गावांतील लोक आधी बंधाऱ्यावरची वाट बंद झाली का ते विचारतात. आणि १ जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी जे लाखो लोक येतात, त्यांतील कितीतरी जण कोरेगावकडून भीमेवरील पूल ओलांडूनच जातात. आपणही त्यांत असतोच. पुलावरून जाताना खाली पाहावे, पाणी किती आहे ते बोलावे, पुढे चालू लागावे. पूल कसा आहे हे मात्र कोणी विचारीत नाही.

ते विचारण्याची वेळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री आली. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवर दगडी कमानींचा जुना पूल होता. १९२८ साली बांधलेला, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दुसऱ्या वर्षीचा. पोलादपूरमार्गे महाडला गेलेल्या आपल्यातील वडीलधाऱ्यांनी तो पाहिलेला असेल. त्या रात्री नदीला महापूर होता, अंधार होता, पाऊस कोसळत होता. पुलाचा भाग वाहून गेला आणि पुढे रस्ता नाही हे न कळल्याने दोन एस.टी. गाड्या व एक तवेरा सरळ पाण्यात गेल्या. जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका कामगाराच्या हे लक्षात आले व त्याने धावत जाऊन मागून येणारी वाहने अडविली, म्हणून आणखी अनर्थ टळला. चाळीसच्या आसपास माणसे गेली. काहींचे देह थेट समुद्रकिनाऱ्यावर सापडले. नवा पूल पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये उभा राहिला.

आम्हाला या हकिकतीत सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. त्या पुलाची पाहणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती आणि त्यात तो धोकादायक आढळला नव्हता, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. मेमध्ये ठणठणीत आणि ऑगस्टमध्ये गायब, हे कसे? सावित्रीच्या बाबतीत नेमके काय घडले यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु चांगला दिसणारा पूल असा अचानक का जाऊ शकतो याचे एक कारण मात्र कोणालाही समजण्यासारखे आहे.

वाहत्या पाण्यात आपण पाय रोवून उभे राहिलो तर पायाच्या बोटांसमोरची वाळू निघून जाते आणि टाच खचू लागते, हे आपण नदीवर अनुभवलेले आहे. पुलाच्या खांबाचेही तसेच. पुराचे पाणी खांबावर आदळते, खाली वळते, तळाशी भोवरा होतो आणि तो भोवरा पायाभोवतालची वाळू, माती, गोटे उकरून काढतो. खांबाभोवती खड्डा पडतो. पूर जितका मोठा तितका खड्डा खोल. पाया उघडा पडला की वरचा खांब कितीही मजबूत असला तरी उपयोग नाही.

आता खरी गोम पुढेच आहे. पूर ओसरू लागला की पाण्याचा वेग कमी होतो आणि वरून वाहत आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो. खड्डा भरून निघतो. उन्हाळ्यात साहेब लोक पाहणीला येतात तेव्हा खांबाभोवती छान सपाट वाळू दिसते. ती वाळू भुसभुशीत आहे, मागच्या पुरात येथे पुरुषभर खोल खड्डा होता, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. म्हणजे ज्या वेळी आजार अंगात असतो त्या वेळी पुराच्या पाण्यात कोणी उतरू शकत नाही, आणि ज्या वेळी उतरता येते त्या वेळी आजाराची खूण पुसली गेलेली असते. आमच्या मते पुलाच्या तपासणीचा सारा प्रश्न या एका गोष्टीत आहे.

यावर एक साधे यंत्र निघाले आहे, ते आम्हाला फार आवडले. खांबाशेजारी नदीच्या तळात एक उभा पाइप ठोकतात आणि त्यात लोखंडाचे जड कडे घालतात. कडे वाळूवर टेकलेले असते. पुरात वाळू खचली की कडे पाइपवरून खाली घसरते. नंतर गाळ भरला तरी कडे वर येत नाही, गाळाखाली तसेच राहते. कड्यात लोहचुंबक असतो, त्यावरून ते किती खाली गेले हे पाइपच्या आतून मोजता येते. पूर काय करून गेला याची साक्ष ते कडे देते.

पाण्याखालचे पाहावयाचे हे शहाणपण जगालाही फुकट आलेले नाही. अमेरिकेत ओहायो नदीवर सिल्व्हर ब्रिज नावाचा पूल होता, तोही योगायोगाने १९२८ सालचाच. १५ डिसेंबर १९६७ रोजी संध्याकाळच्या गर्दीत तो कोसळला व ४६ माणसे मेली. पोलादी साखळीच्या एका दुव्यात अगदी बारीक चीर होती, ती वाढत गेली. त्यानंतर तेथे पुलांच्या ठरावीक मुदतीच्या तपासणीचा कायदा झाला. तरीही ५ एप्रिल १९८७ रोजी न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी नाल्यावरचा पूल बर्फ वितळून व पाऊस पडून आलेल्या पुरात गेला. दहा माणसे मेली. कारण पायाखालची माती उकरली गेली होती. वरचा भाग तपासलेला होता, पाण्याखालचा पाया पाहिला गेला नव्हता. मग पाण्याखालची तपासणीही सक्तीची झाली. आपल्याकडे सावित्रीच्या दुर्घटनेनंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, राष्ट्रीय महामार्गांवरील दीड लाखाहून अधिक लहानमोठ्या पुलांची व मोऱ्यांची नोंद ठेवणारी व्यवस्था केंद्र सरकारने सुरू केली. प्रत्येक ठिकाणी आधी माणसे गेली, मग नोंदवही आली. असो.

तपासणी म्हणजे काय करतात ते आता थोडक्यात पाहू. पहिली पद्धत डोळ्यांची. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अधिकारी पूल पाहतात. तडे, गंजाचे तांबडे ओघळ, वाकलेला कठडा, सांध्यात अडकलेले दगड, खांबाला तटलेली झाडे, फुटलेले सिमेंट, उघड्या पडलेल्या सळया हे सर्व पाहावयाचे असते. दुसरी पद्धत कानाची. काँक्रीटवर हातोडी मारीत जातात. बाजारात मडके घेताना आपल्या आया-बहिणी टिचकी मारून पाहतात, त्याच जातीचे हे काम. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आतून काँक्रीट सुटले आहे, बहुधा सळई गंजून फुगली आहे. पण सर्वच गंज कानाला ऐकू येत नाही. गोव्यात पणजीचा मांडवीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी पडला, त्याला वीस वर्षेही झाली नव्हती. काँक्रीटच्या पोटातील ताणलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेने गंजल्या होत्या.

तिसरी पद्धत यंत्रांची, आणि हीच अलीकडे वाढत आहे. पुलाच्या अंगावर ठिकठिकाणी सेन्सर बसवितात. एक प्रकार म्हणजे ताण मोजणारी पट्टी. तिच्यात केसासारखी बारीक तार असते. पूल वाकला की तार ताणली जाते, ताणली की तिच्यातून वीज जाण्यास किंचित अधिक अडथळा होतो, आणि त्या अडथळ्यावरून ताण किती ते कळते. दुसरा प्रकार खांब किती कलला ते सांगतो. तिसरा कंप मोजतो, आणि तो थोडा समजावून सांगण्याजोगा आहे.

प्रत्येक वस्तूचा आपला एक सूर असतो. पुलावरून ट्रक गेला की पूल थरथरतो, ती थरथर दर सेकंदाला ठरावीक वेळा होते. पूल सैल पडला, कोठे भेगाळला, पाया ढिला झाला की हा सूर उतरतो. माणसाच्या कानाला ते कळणार नाही, यंत्राला कळते. भीमजयंतीच्या रात्री कार्यक्रमापूर्वी आपले शाहीर डफ शेकोटीवर धरतात ते आपण पाहिले आहे. थंड, दमट हवेत कातडे सैल पडते व आवाज बसतो. शेकले की पुन्हा चढतो. डफ फाटलेला नसतो, फक्त हवा बदललेली असते. पुलाची नाडी पाहणाऱ्यांची नेमकी हीच अडचण होते, आणि थंड मुलुखात ती फारच होते.

स्वित्झर्लंडमध्ये झेड-२४ नावाचा काँक्रीटचा एक साधा पूल होता. तो पाडावयाचाच होता, म्हणून शास्त्रज्ञांनी १९९७-९८ मध्ये सुमारे वर्षभर त्याच्यावर यंत्रे लावून त्याचा सूर रात्रंदिवस नोंदविला आणि शेवटी मुद्दाम थोडे थोडे नुकसान करून पाहिले. आढळले असे की पारा शून्याखाली गेला की पुलावरील डांबर गोठून ताठ होते आणि सूर एकदम चढतो. म्हणजे डफाच्या उलट. हा ऋतूचा फरक इतका मोठा होता की त्यात नुकसानीचा फरक सहज लपून गेला असता. हिवाळ्यात एखादा पूल आजारी पडला तर त्याचा उतरलेला सूर थंडीने चढलेल्या सुरात झाकला जाईल आणि कागदावर सर्व ठीक दिसेल.

हे वाचल्यावर आम्हाला आमचे बँकेचे काउंटर आठवले. आपल्याकडील ऊस उत्पादकाचे खाते पाहा. कारखान्याचे बिल जमा झाले की शिल्लक फुगते, पेरणीच्या दिवसांत ती तळाला जाते. जूनमधील शिल्लक पाहून हा माणूस बुडाला असे कोणी म्हणू लागला तर तो कारकून कच्चा. दोन-तीन वर्षांचा उतारा समोर ठेवला, या जूनची तुलना मागच्या जूनशी केली, तरच खरे कळते. पुलाचेही चारही ऋतूंचे खाते आधी लिहिले गेले पाहिजे. पूल निरोगी असताना त्याची नोंद नसेल तर आजारी पडल्यावर लावलेले यंत्र लाखो आकडे देईल आणि त्यांतून काहीही निघणार नाही. ओपनिंग बॅलन्सच नसेल तर खाते टॅली कशाशी करणार?

थंड, दुर्गम प्रदेशातील पुलांना आणखीही त्रास आहेत. पोलादाचा शंभर मीटर लांबीचा पूल एक अंश उष्णतेने साधारण सव्वा मिलिमीटर वाढतो. आपल्याकडे दहा अंशांपासून चाळीस अंशांपर्यंत तापमान गेले तर तो साडेतीन सेंटिमीटर सरकेल. लडाखच्या बाजूला उणे पंचवीसपासून अधिक तीसपर्यंत गेले तर साडेसहा सेंटिमीटर. म्हणून पूल खांबांवर पक्का बसवीत नाहीत, टोकांना सरकण्यासाठी बेअरिंग व मध्ये मोकळे सांधे ठेवतात. सांध्यात बर्फ किंवा माती अडकली, बेअरिंग गोठले, की सरकण्याचा सारा जोर खांबावर येतो. शिवाय पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगते. काँक्रीटच्या बारीक भेगेत शिरलेले पाणी दर रात्री गोठून भेग रुंद करते. यंत्रांचीही तीच गत. थंडीत बॅटरीचा जोर उतरतो, सौर तक्त्यावर बर्फ साचतो, टेलिफोनची रेंज नसते. म्हणून तेथील यंत्रे अत्यंत कमी वीज खाणारी असावी लागतात, आकडे पोटात साठवून ठेवणारी असावी लागतात.

आणि तेथे पूल गेला तर वळसा घालून जाण्यास दुसरा रस्ता नसतो. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेला अचानक लोंढा आला, त्यात रैणी गावाजवळील पूल वाहून गेला आणि पलीकडील तेरा गावांचा संपर्क तुटला. सीमा रस्ते संघटनेने एका महिन्याच्या आत तात्पुरता लोखंडी पूल उभारला हे खरे, परंतु तोवर त्या गावांतील आजारी माणसांनी, बाळंतिणींनी काय केले असेल याची कल्पना आपण करू शकतो. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाऊ सैन्यात अशाच रस्त्यांवर आहेत.

जम्मू-काश्मीरमधील चिनाबवरील रेल्वे पूल ६ जून २०२५ रोजी सुरू झाला. नदीच्या तळापासून ३५९ मीटर उंच, मुख्य कमान ४६७ मीटरची. त्याच्यावर यंत्रे बसविली आहेत, आणि त्यांतील वारा मोजणाऱ्या यंत्राची व्यवस्था आम्हाला महत्त्वाची वाटली. वाऱ्याचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे गेला की सिग्नल लाल होतो आणि गाडी पुलावर जात नाही. आकडा आला, की कृती झाली. मध्ये फाइल नाही.

बहुतेक ठिकाणी मात्र आकडा व कृती यांच्यामध्ये बरेच काही असते. चिनाबचा पूल सुरू झाल्यानंतर नऊच दिवसांनी, १५ जून २०२५ च्या रविवारी, आपल्याच पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पादचारी पूल कोसळला. चार माणसे गेली, पन्नासाहून अधिक जखमी झाली. येथे सेन्सरची गरजच नव्हती. पूल धोकादायक आहे हे माहीत होते, तसा फलकही लावलेला होता. तरी पावसाळी सहलीला आलेले लोक त्यावर उभे राहिले, मोटारसायकलीही गेल्या. आम्ही त्या लोकांना दोष देऊन मोकळे होणार नाही. फलक लावणे म्हणजे बंद करणे नव्हे. खातेदार थकबाकीदार झाल्याचा शेरा लेजरमध्ये लिहून ठेवला आणि त्याचे चेक वटवीत राहिलो, तर आमचे शाखाधिकारी आम्हाला काय म्हणतील?

गर्दीविषयी एक आकडा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. पुलाच्या पादचारी भागावर साधारणपणे दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरून आराखडा करतात. जेथे यात्रा, मेळावे भरतात तेथे ५०० किलो धरावा, असा रस्ते व पुलांच्या भारतीय नियमावलीचा दंडक आहे. म्हणजे मीटरभर लांब-रुंद जागेत सात-आठ माणसे खेटून उभी राहिल्यासारखे. चालत्या गर्दीत एवढी दाटी होत नाही. ती होते सर्वजण एका कठड्याकडे धावले की, किंवा मधेच थांबून राहिले की. १ जानेवारीला प्रशासन जड वाहने दुसऱ्या रस्त्याने वळविते. आपले काम एवढेच की पुलावर थांबू नये. समता सैनिक दलाच्या आणि इतर स्वयंसेवकांनी पुलाच्या दोन्ही टोकांना उभे राहून "पुढे चला" एवढे म्हणत राहावे, अशी आमची त्यांना विनंती आहे.

आता आमच्या मोरीकडे येऊ. ओव्हरसियरसाहेबांना आम्ही प्रत्यक्ष मोरी दाखविली. त्यांनी तडा बोटाने चाचपला आणि म्हणाले, "आज पाहून मी काही सांगू शकत नाही. हा तडा वाढतो आहे की थांबला आहे, ते मला सांगा, मग मी तुम्हाला सांगतो." त्यांनीच एक जुनी युक्ती दाखविली. तड्यावर आडवी अशी सिमेंटची पातळ पट्टी थापावयाची आणि ती ओली असतानाच तिच्यावर खिळ्याने तारीख कोरावयाची. तडा हलला की पट्टी चिरते. शिवाय तड्याच्या दोन्ही बाजूंना रंगाचे एकेक टिंब देऊन त्यांतील अंतर पट्टीने मोजावयाचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आणि ओढ्याला पूर येऊन गेला की दुसऱ्या दिवशी. खर्च म्हणाल तर एका वाटीभर सिमेंटचा.

हे काम आम्ही त्या नववीतील मुलीवर व तिच्या दोन मैत्रिणींवर सोपविले. शंभर पानी वही घातली आहे. तारीख, वेळ, पाऊस झाला होता काय, अंतर किती मिलिमीटर, पट्टी चिरली काय, असे रकाने आम्हीच आखून दिले. बँकेतील तेवढी विद्या उपयोगी पडली. पहिल्या दोन महिन्यांत अंतर तेवढेच राहिले. ऑगस्टच्या पुरानंतर वहीत एक मिलिमीटरची वाढ लिहिली आहे आणि पट्टीला केसाएवढी चीर गेली आहे. त्या पानाची झेरॉक्स जोडून ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला असून त्याची पोच वहीला चिकटविली आहे. अर्जावर काय होते ते होईपर्यंत मुले ओढ्याला पाणी असताना मोरीवरून न जाता वरच्या बाजूच्या रस्त्याने, वीस मिनिटे लवकर निघून, शाळेत जातात. वही संस्थेच्या वाचनालयात खिडकीजवळील कपाटात ठेवलेली असते.